दोझो म्हणजे नाही

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर मी, तिने विचारलं नसतानाही, माझं कोलेस्टेरॉलसुद्धा सांगतो.

कोबेत मी बरीच वर्षं नोकरी करतोय. नातेवाइकांत मी ‘जपानचा माणूस’. कुणी पाहुणा आला की शनिवार-रविवार क्योतो दाखवायचं खातं माझ्याकडे. चपला कुठे काढायच्या, कुठे गप्प बसायचं, हे मी अशा थाटात सांगतो, की ऐकणाऱ्याला वाटावं ही देवळं यानेच बांधली. जपानी मला कामापुरतंच येतं. पण कबूल करायचाय तो गुन्हा हा नव्हे. हा तर सगळ्या घराला माहीत आहे.

एका वर्षी सुमनआत्या आली. वडिलांची धाकटी बहीण. साताऱ्यात मुलांना गाणं शिकवायची. परत गेल्यावर तिच्या घशाचं ऑपरेशन ठरलं होतं. आवाज राहील का, हे डॉक्टर सांगत नव्हते. ती त्याबद्दल बोलायची नाही, नुसती गुणगुणायची. बसमध्ये, रांगेत, बागेत — सतत. आणि मी? इकडेतिकडे बघत ‘आत्या, हळू’ म्हणायचो. वळून कुणी बघत नव्हतं, तरी! इथे राहून राहून माझ्या मानगुटीवर एक पोलीस बसलाय. दुसऱ्याला त्रास होईल, दुसऱ्याला त्रास होईल — एवढंच तो म्हणतो. दोन दिवस मी त्याच्या कैदेत होतो, आणि आत्या माझ्या.

वर मी तिच्यापुढे ज्ञानही पाजळत होतो. इथे तोंडावर कुणी नाही म्हणत नाही, हसून दुसरंच बोलतात, ते आपण ओळखायचं — वगैरे. ती शाळेतल्या मुलीसारखी ऐकत होती.

रविवारी एका छोट्या देवळात गेलो. देवी बेन्झाइतेन, म्हणजे आपली सरस्वतीच. हातात वीणेसारखं वाद्य. आत्याने चष्मा काढून पुसला. ‘अगं बाई, तू इथे कधी आलीस?’ असं चक्क देवीलाच विचारलं. मग माझी बाही धरली. ‘बंडू, पुजारीबुवांना विचार ना, एक वंदना म्हणू का? छोटीशीच. हिच्यापुढे एकदा होऊन जाऊ दे रे, पुढचं काय माहीत.’

विचारलं. मोडकंतोडकं, पण विचारलं. म्हाताऱ्या पुजाऱ्यांचा चेहरा उजळला. त्यांनी देवीकडे तळहात केला. ‘दोझो, दोझो.’

म्हणजे, या, खुशाल म्हणा. आत्यालाही तो शब्द एव्हाना ओळखीचा झाला होता — ट्रेनमध्ये जो तो तिला ‘दोझो’ म्हणत जागा देत होता.

‘हो म्हणाले ना रे?’

इथे जरा थांबतो. माझी भाषा कच्ची, म्हणून घोटाळा झाला — असं सांगता आलं असतं, नाही का? स्वतःला सांगूनही पाहिलं. पण दोझो कळायला पंडित व्हावं लागतं? तिथे पाचसहा माणसं डोळे मिटून बसली होती. आत्याचा आवाज खुला, सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत जाणारा. ती गाईल, ते डोळे उघडतील, आधी तिच्याकडे बघतील, मग तिच्याबरोबर कोण आलंय ते बघतील… मला तिची लाज वाटली. हे एक वाक्य लिहायला एवढी वळणं घेतली मी.

‘आत्या,’ मी म्हणालो, ‘इथे दोझो म्हणजे नाहीच असतं. सांगितलं होतं ना तुला?’

ती एवढीशी झाली. आपण भल्या माणसाला संकटात टाकलं, असं वाटून पुजाऱ्यांपुढे वाकली, परत वाकली. त्यांचा तळहात अजून देवीकडेच होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांचे आभार मानले आणि आत्याच्या चपला शोधायला बाहेर पळालो.

ऑपरेशन नीट झालं. आवाज राहिला नाही. कागद चुरगळावा तशी खरखर उरलीय. सुट्टीत गेलो की आल्यागेल्याला ती हीच गोष्ट सांगते. ‘बंडूला तिथल्या रीतीभाती पक्क्या ठाऊक. वेळेवर सावध केलंन, नाहीतर परक्या देशात माझी शोभा झाली असती.’ ऐकू यावं म्हणून सगळे पुढे वाकतात. मीही वाकतो. आणि मान डोलावतो.