मारुतीच्या नावाची केळी

नाशकाहून मुंबईला जाता-येता इगतपुरीच्या डोंगरांवरून धबधबे उतरताना दिसायचे आणि मी दर खेपेला म्हणायचे, जरा थांबा ना. आमचे हे म्हणायचे, पुढच्या वेळी. तीस वर्षं हेच चाललं. घाटातल्या मारुतीपाशी मात्र गाडी न चुकता थांबायची. हे काच खाली करायचे, केळी रस्त्यावर टाकायचे, माकडं धावत यायची, हे हात जोडायचे आणि मिनिटभरात गाडी पुढे. माकडांसाठी वेळ होता, बायकोसाठी नव्हता. दोन वर्षांपूर्वी हे गेले. सोसायटीतल्या बायका म्हणाल्या, बाईंनी टिपूस काढलं नाही. खरंय. मला रडू येत नव्हतं, राग येत होता. पुढची वेळ कधी ते न सांगताच माणूस निघून गेला.

मग मी गाडी शिकले. साठीला दोन वर्षं उरली होती. शिकवणारा माझ्यावर खेकसायला लागला तेव्हा म्हटलं, तुझ्याएवढी पोरं मी बाकावर उभी केली आहेत, नीट बोल. पस्तीस वर्षं शाळेत काढली मी. बोटांवर पट्टी मारण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि त्याचं मला वाईटही वाटलेलं नाही. मुलगा पुण्याहून फोनवर म्हणाला, "आई, एकटी कशाला जातेस? एखादा ग्रुप बघ ना." म्हटलं, तुझ्या बापाने तीस वर्षं नेलं नाही, तू काय मला शिकवतोस. आणि फोन ठेवून दिला.

श्रावणातला शनिवार होता. इंदिरानगरच्या कोपऱ्यावरून सहा केळी घेतली, देवापुढे ठेवली, हळदकुंकू वाहिलं आणि पिशवीत घालून शेजारच्या सीटवर ठेवली. ह्यांच्यावर कितीही राग असला तरी त्यांचं हे एक मी सोडलं नव्हतं. आमच्या घरची रीतच तशी. मारुतीच्या नावाने काढलेलं माकडाच्या तोंडी गेलं पाहिजे आणि एकदा घराबाहेर पडलेलं परत घरात आणायचं नाही. सासूबाईंनी हे मला लग्नानंतरच्या पहिल्याच श्रावणात बजावलं होतं.

घोटी मागे पडलं आणि पावसाने काच झोडपायला सुरुवात केली. इगतपुरीपासून आत भावली धरणाच्या रस्त्याला लागले. दोन्ही बाजूंना भातखाचरं आणि त्यांच्या मधोमध गाड्यांची ही रांग. धबधब्यापाशी तर जत्राच. दारं उघडी टाकून गाणी लावलेली, पोट सुटलेले बाप्ये चड्ड्यांवर नाचत होते, पायाखाली वेफर्सच्या पिशव्यांचा चिखल. पण मी मान वर केली आणि धबधबा पाहिला. कड्यावरून सुटलेलं पाणी अर्ध्यावरच वाऱ्याने भुरभुरत होतं आणि त्याचे तुषार माझ्या चष्म्यावर येत होते. मी मोठ्याने म्हणाले, "बघा, आले तुमच्यावाचून." बाजूची मुलगी दचकून सरकली. मला इतका आनंद झाला होता, आणि त्या आनंदात ह्यांच्याविषयी एवढा दुष्टावा होता, की सांगायची लाज वाटते.

ह्यांची दुर्बीण आणली होती. म्हटलं धबधबा पाहायचा, तशी रानातली जनावरंही पाहू. धुक्यात पक्षी कसला दिसतोय! दिसला तो एक साप, कारवीच्या झुडपावर, पानासारखा हिरवागार, अंगठ्याएवढा जाड. मी दुर्बीण नीट करतेय तोवर चार तरुणांनी त्याला पाहिलं. एकाने मोबाइल धरला, बाकीच्यांनी दगड उचलले. तीन दगडांत त्याचं डोकं ठेचलं आणि शेपटीला धरून फोटो काढले. मी जी सुटले! "लाज नाही वाटत? काय केलं होतं रे त्याने तुमचं? त्याच्या घरात येऊन त्यालाच मारता?" त्यातला एक हसत म्हणाला, "सॉरी काकू." मी म्हटलं, "सॉरी घाल चुलीत." परत फिरताना माझं मलाच भारी वाटत होतं.

उतारावर, रस्त्याच्या वळणावर, शेंदूर लावलेला आणखी एक छोटा मारुती आहे. त्याच्या शेजारी ताडपत्रीखाली एक बाई मक्याची कणसं भाजत बसली होती. चाळिशीची असेल, डोक्यावर प्लास्टिकचं पोतं. मी कणीस घेऊन तिच्या स्टुलावर टेकले. रस्त्यापलीकडच्या कठड्यावर माकडांची रांग बसली होती, लाल तोंडाची, भिजून चिंब झालेली. त्यांतल्या एका माकडिणीला डावा हात कोपरापासून नव्हता. पोटाला पिल्लू चिकटलेलं, मुठीएवढं, नुसते डोळे आणि कान.

"ती थोटी," मकेवाली म्हणाली. "तारेला चिकटली व्हती, तवा हात गेला. दोन पिल्लं गाडीखाली गेली तिची, याच वळणावर. हे तिसरं. औंदा तरी ऱ्हाऊ दे म्हंते मी."

"गाडीखाली कशी?"

"लोकं काचंतून टाकत्यात ना खायला. रोडावर पडलं का ही धावत्यात. गाडीवाला काय थांबतोय व्हय?" तिने कणीस फिरवलं. "तुमाला द्यायचं आसल ना बाई, तर देवळामागं खाली खडक हाय, तितं ठिवा. मी बी सांजच्याला उरलेली कणसं तितंच ठिवते. येत्यात बराबर."

देवळामागे मी डोकावले. शेवाळलेल्या वीसेक पायऱ्या होत्या. माझे गुडघे, वर तो पाऊस. म्हटलं, "मला नाही जमणार."

"मंग आज नका देऊ. घरी न्या, गाईला घाला."

"देवाच्या नावाचं घरी नेत नाहीत."

"मंग माज्यापाशी ठिवा. मी ठिवीन खाली."

आता खरं सांगते, माझं डोकं फिरलं. रस्त्याकडेला कणसं भाजणारी बाई मला देवाचं शिकवणार! वर मनात आलं, हिच्याकडे दिली तर माकडांना कसली मिळतायत, हीच खाईल. शाळेत पोरांचे डबे चोरीला गेले की माझा संशय आधी कुणाच्या पोरांवर जायचा, ते मला ठाऊक आहे. मी तिला म्हणाले, "तू तुझं कणीस बघ. तीस वर्षं देतोय आम्ही, कळतं मला."

ती निखाऱ्यांवर वारा घालत राहिली.

मी गाडीत बसले. माकडं अंगावर येतील म्हणून दार लावलं, काच अर्धी खाली केली. रस्त्यावर वर-खाली पाहिलं, मोकळा होता. वळणापलीकडचं दिसत नव्हतं, पण तेवढा विचार कोण करतं? सहा केळ्यांतली तीन तोडून मी रस्त्यावर टाकली. टाकली म्हणजे ह्यांच्यासारखी, मनगट झटकून. हात जोडले. "बजरंगबली," म्हटलं, आणि डोळे मिटले. डोळे मिटले होते मी, म्हणून मला फक्त हॉर्न ऐकू आला.

पिकअप थांबलाही नाही. थोटी रस्त्याच्या मधोमध उभी होती, तिला काहीच झालं नव्हतं. पिल्लू तिच्या पोटावरून सुटून हातभर लांब पडलं होतं. बाकीची माकडं कठड्यावर चढून ओरडत होती. तिने जाऊन त्याला हुंगलं, उचललं, पोटाशी लावलं आणि हात सोडला. ते खाली पडलं. तिने पुन्हा लावलं, पुन्हा पडलं. जिवंत पिल्लू आपलं आपण धरून बसतं, तिला कधी धरावंच लागलं नव्हतं. मग तिने त्याला छातीशी आवळलं, आपल्या एकुलत्या एका हाताने.

आणि तशीच ती केळ्यापाशी आली. केळ्याकडे पाहिलं, पिल्लाकडे पाहिलं. भूक होती हो तिला. तिने पिल्लू ओल्या डांबरावर ठेवलं, केळं उचललं, एक घास घेतला. लगेच केळं टाकलं आणि पिल्लू उचललं. परत पिल्लू ठेवलं, केळं उचललं. मी गाडीत बसून हे पाहत होते. माझे हात अजून जोडलेलेच होते.

मकेवाली रस्त्यात उतरली आणि तिने पोतं हलवून मागून येणाऱ्या गाड्या थांबवल्या. थोटी पिल्लाला घेऊन कठड्यापलीकडे गेली तेव्हाच मकेवाली बाजूला झाली. रस्त्यावर राहिलेली दोन अख्खी केळी तिने उचलली, पदराला पुसली आणि माझ्या खिडकीशी आली. मला वाटलं, आता शिव्या घालेल. घालायला हव्या होत्या. त्या चार पोरांना मी कसं झापलं होतं!

"मला माहीत नव्हतं गं," मी म्हणाले.

"सांगितलं व्हतं की बाई."

एवढंच बोलून तिने ती केळी अर्ध्या काचेतून आत ठेवली, पिशवीतल्या तीन केळ्यांवर. मग जाऊन ताडपत्रीखाली बसली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या कणसाला मीठ-लिंबू चोळायला लागली. माझ्याकडे तिने पुन्हा पाहिलं नाही. उतरावं, तिच्यासमोर जावं, माफी मागावी, हे सगळं मनात आलं. पस्तीस वर्षांत मी कुणाची माफी मागितली नव्हती आणि ती कशी मागतात ते मला त्या क्षणी आठवेना. मी गाडी सुरू केली.

नाशकापर्यंत ती पाच केळी माझ्या शेजारी होती. वाटेत कुठेही फेकता आली असती. पण माझा हात काचेपर्यंत जाईना. परत घरात आणायचं नाही, असं सासूबाई म्हणायच्या. मी आणली, आणि देवापुढे जिथून उचलली होती तिथेच ठेवली. ह्यांचा फोटो वरच आहे. पहिल्यांदा मला त्यांच्याकडे रागाने पाहता येईना. तेही डोळे मिटूनच हात जोडायचे, आणि गाडी निघाल्यावर मागे काय होतं, हे आम्ही दोघांनी तीस वर्षांत एकदाही वळून पाहिलं नव्हतं.