घराण्यांचा रविवार

"बस खाली. मोतीराम कोण? मायले विचार पहिले."

शमुवेलभाऊ असं बोलले अन् सारं चर्च हासलं. माही मीना मधल्या वाटेत उभी होती, हातात मेणबत्ती, अजून पेटवलीबी नव्हती. दहा वर्षांची पोट्टी. तिनं मान वळवून माह्याकडं पाह्यलं. अन् मी, तिची माय, सतरंजीवरची धूळ पाहत बसली.

आमच्या राजुऱ्याकडच्या मंडळीत नाताळाच्या आधी घराण्यांचा रविवार असते. जुनी ख्रिस्ती घराणी बाकावर बसतात. एकेक जण उठते, बापाचं नाव सांगते, आज्याचं सांगते, पहिला बाप्तिस्मा कोणं घेतला ते सांगते, अन् मेणबत्ती लावते. शमुवेलभाऊ मंडळीचे पंच. त्याईचा बाक सगळ्यात पुढं. आम्ही नवे लोक मागं, खाली. सात वर्षं झाले माह्या बाप्तिस्म्याले, तरी नवेच! पोरीले मेणबत्ती लावाची लय हौस होती.

मोतीराम कोणीच नव्हता. बापाचं म्हून ते नाव मीच तिच्याकडून पाठ करून घेतलं होतं. आलापल्लीले सागवानाच्या कामावर होती, तवा ठेकेदाराच्या मुनशीनं लग्नाचं कबूल केलं अन् मीना पोटात असताना पळाला. गावी आमच्या ढिवर लोकाईनं मले तलावात जाळं टाकू देल्लं नाई. मंग मी येशूकडं आली. लोक म्हणतात, कायतरी भेटते म्हून आली. नाई. इथी कोणी बापाचं नाव विचारणार नाई, म्हून आली. अन् इथीच विचारलं! जाऊ कुठी? चर्चच्या झाडझुडीचं काम माह्याकडं, राहाची खोली मंडळीची. तिकडं जातीनं दार लावलं, इकडं बाकावर जागा नाई.

घरी आल्यावर मीना एवढंच बोलली, "माय, तू काऊन खाली पाह्यलं?"

त्या दिवसापासून ती चर्चमध्ये गाणं म्हणे ना.

नाताळाच्या दिवशी बायबलातल्या मत्तयाचा पहिला अध्याय वाचतात. येशूची वंशावळ. ती वाचाले कोणी तयार नसते, जीभ अडखळते. शमुवेलभाऊनं मले बोलावलं. "तू सातवी शिकली ना? वाचून टाक. नावंच नावं हायेत, कोणी आयकत नाई." उरलेलं शिळं द्यावं तसं देल्लं मले.

नावं चुकू नये म्हून झाडणं झालं की मी पुस्तक घेऊन बसे. या बापाचा हा लेक, त्याचा हा लेक. मले रागच आला. देवाच्या घरीबी खानदानच काय! अन् मंग तामार आली. बापाईच्या रांगेत बाई? पाळकसाहेबाले विचारलं, तर म्हणले, "ते सोड, तुह्या कामाचं नाई." मंग तर मी शोधलंच.

तामार, सासऱ्यानं फसवलेली विधवा. तोंड झाकून रस्त्यावर बसली, त्याच्यापासूनच पोटुशी राह्यली, अन् तोच तिले जाळा म्हणे. राहाब, धंदा करणारी. रूथ, परक्या लोकातली, दुसऱ्याच्या वावरात कापणीनंतर पडलेला सरवा वेचणारी. सरवा तर मीबी वेचला, बापा! उरीयाच्या बायकोचं नावच नाई लिहिलं. नवरा लढाईवर असताना राजानं वाड्यात बोलावलं, तिले कोण विचारते? पण एकीलेबी देवानं खोडलं नाई. अन् मरीयेच्या नवऱ्यापाशी, योसेफापाशी येऊन बापाईची रांगच तुटते, त्याचा लेक येशू असं लिहिलंच नाई. येशू मरीयेच्या पोटी जन्मला, बस. मी तिथीच रडली. रागानं रडली. इतके वर्षं पुस्तक याईच्या हातात, अन् कंटाळवाणं म्हून हेच पान माह्या अंगावर टाकलं! अन् मलेबी काय अवदसा आठवली होती, उसना बाप आणाची?

नाताळाच्या सकाळी मी वाचाले उभी राह्यली. लोक शाली सावरत होते. तामारवर थांबली. राहाबवर थांबली. शमुवेलभाऊ म्हणले, "पुढं वाच, पुढं."

"वाचून राह्यली, भाऊ. लिहिलं हाये तेवढंच वाचून राह्यली."

मरीयेचं नाव वाचलं अन् मी पुस्तक मिटलं नाई. म्हणली, "मोतीराम खोटा होता. पोरीले खोटं मीच शिकवलं. मीनाची माय मी. माही माय गंगू, तिची माय सोना. हे आमचं घराणं."

कोणी हासलं नाई. आमेनबी कोणी म्हटलं नाई.

आठ दिवसात झाडझुडीचं काम गेलं. खोली उन्हाळ्याच्या आत खाली कर म्हणतात. कुठी जाणार, मले ठाऊक नाई. मीना अजून गात नाई. पण आता माह्याकडं सरळ पाह्यते, अन् मीबी नजर चोरत नाई.

खोली गेली तरी घराण्यांच्या रविवारी मी येणार. पहिल्या बाकावर बसणार, शमुवेलभाऊच्या बाजूले, मीनाले घेऊन. अन् कोणं बापाचं नाव विचारलं, तर ते पान त्याच्याच हातात देणार. म्हणणार, भाऊ, योसेफापासून पुढं वाचा. मोठ्यानं वाचा.