दिव्याचा आरसा

माझ्या मोठ्या वहिनीला अख्ख्या नंदुरबार जिल्ह्यात आजवर एकही दुकानदार फसवू शकलेला नाही, आणि तिच्या तावडीतून एकही दुकानदार वेळेवर जेवायला गेलेला नाही. वस्तू वापरून पाहिल्याशिवाय घ्यायची नाही, हा तिचा धर्म. तसं सगळेच म्हणतात. पण बाकीचे लोक वस्तू उलटीपालटी करून पाहतात आणि पैसे देतात. वहिनीने तळोद्याला कुकर घेतला तेव्हा घरून तुरीची डाळ भिजवून नेली होती. दुकानाच्या मागेच मालकाचं घर. तिथल्या शेगडीवर तिने तीन शिट्ट्या केल्या, डाळ बोटाने चेपली, फोडणी दिली आणि मालकासकट सगळ्यांना वाढली. मालक हात जोडून म्हणाला, "ताई, कुकर फुकट न्या, पण परत येऊ नका." वहिनीने कुकर विकतच घेतला आणि पुढच्या महिन्यात तवा घ्यायला परत गेली, पीठ मळून. शहाद्याला पलंग घ्यायला गेली तेव्हा "पाच मिन्टं दखस" म्हणून आडवी झाली ती चांगली तासभर घोरली. उठल्यावर विक्रेत्याला म्हणाली, "नको भो, झोप नई लागनी."

अशा बाईचा गेल्या हिवाळ्यात मला शाळेत फोन आला. "भाऊ, मोटरसायकल काढ. माले बाथरूमना आरसा लेवाना शे. दिवावाला. कपाटवाला."

मी हो म्हटलं आणि बराच वेळ तसाच बसून राहिलो. त्याचं कारण मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. सोळा वर्षांपूर्वी माझा मोठा भाऊ गेला. तेराव्याला आमची आत्या म्हणाली, "आते हाऊ आरसा कोणले जोयजे? उतार." आणि मी, शाळेच्या फळ्यावर रोज सकाळी सुविचार लिहिणारा मास्तर, मुकाट्याने स्टुलावर चढलो. वहिनीचा माहेरहून आलेला आरसा काढला, गोणपाटात गुंडाळला, माळ्यावर टाकला. वहिनी चुलीपाशी होती. बाहेर आली, रिकाम्या खिळ्याकडे पाहिलं आणि पुन्हा भाकरी थापायला गेली. त्या दिवसापासून ती केस चाचपून विंचरते. तिने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. आता मिरचीच्या पैशातून धानोऱ्याच्या घरामागे तिने स्वतःसाठी बाथरूम बांधलं होतं. आतून कडी लागणारी, तिची एकटीची अशी ती पहिली खोली.

नंदुरबारच्या दुकानात वहिनीने पिशवीतून सामान काढलं: गरम पाण्याचा थर्मास, ओला पंचा आणि खोबरेल तेलाची सगळ्यात उंच बाटली. टाय लावलेल्या विक्रेत्याने कौतुकाने विचारलं, "आजी, सूनबाईसाठी का?"

"मन्हासाठे," वहिनी म्हणाली. "आनि आजी कोणले म्हनस रे?"

त्याने घाईघाईने आरशाचं कपाट दाखवलं. नुसतं बोट टेकलं की दिवा लागतो म्हणाला. वहिनीने पंचा पिळून ओलं बोट टेकलं. दिवा लागेना. "याले वल्ला हात वयखू येत नई. न्हाईसन मी काय पंखाखाले उभी ऱ्हासू?" पहिलं कपाट बाद. दुसऱ्यात तेलाची बाटली उभी राहीना, बाद. तिसऱ्याच्या काचेवर म्हणे वाफ धरत नाही. थर्मास उघडल्यावर काचेवर धुकं पसरलं, बाद. चौथ्याच्या वेळी तिने दुकानातले सगळे दिवे बंद करायला लावले. इतर गिऱ्हाइकं अंधारात गुपचूप उभी राहिली. पांढरा उजेड लागला. "हाऊ दवाखाना." मग पिवळा. "हाऊ मांडव." मग दोन्हींच्या मधला. वहिनी खुलली. "हाऊ सकायना नऊ वाजाना उजेड. हाऊच दे!" अंधारातून कुणीतरी चक्क टाळी वाजवली.

पण एक गोष्ट माझ्या ध्यानात आली होती. तिने बिजागरी पाहिली, कोपरे पाहिले, मागची वायर पाहिली; स्वतःकडे एकदाही पाहिलं नव्हतं. विक्रेताही म्हणाला, "मावशी, एकदा समोर उभ्या राहून बघा ना." दुकानात पलंगावर घोरणारी बाई म्हणाली, "ते घर जाईसन."

मोटरसायकलवर खोकं मांडीवर धरून वहिनी मिरवणुकीतून यावी तशी धानोऱ्याला आली. ओट्यावर आत्या बसलेली. खोकं पाहून तिने आवाज चढवला, "आते आरसामा दखीसन कोणले दखाडशी वं?"

"माले!" वहिनी म्हणाली. गल्लीतल्या तीन-चार खिडक्या उघडल्या. आत्याने तंबाखूची डबी उघडली आणि चिमूट न घेताच मिटली.

मी भिंतीला ड्रिल लावलं आणि थांबलो. आता नाही तर कधीच नाही. "वहिनी, तो आरसा मी उतारा व्हता."

"माहीत शे," ती म्हणाली. "आत्या स्टूलवर चढी का? तिन्हा गुडघा तवयबी धड नव्हतात." मग माझ्या हाताकडे पाहून, "भोक खाले पाड. मन्हा उंचीले लाव, तुन्हा उंचीले नको."

तिच्या उंचीला लावलं. वहिनीने हात धुतला, ओल्याच बोटाने दिवा लावला. नऊ वाजताचा उजेड पडला. ती पुढे झाली, पदर सारखा केला आणि पाहिलं. मी दारातच उभा होतो. कितीतरी वेळाने ती मोठ्याने हसली. "हाई ते मन्ही माय शे रे! कवय ऊनी?" आरशात आलेल्या आईला तिने चक्क नमस्कार केला. भुवईवरून, गालावरून बोट फिरवलं, एक पांढरा केस कानामागे खोचला. मग आरशातूनच माझ्याकडे पाहत विचारलं, "मधला सालेसमा मी कशी दिसू रे भाऊ?"

चांगली दिसे, असं म्हणायला तोंड उघडलं. पण एवढं खरं बोलल्यावर लगेच खोटं बोलवेना. सोळा वर्षं मी तिच्या हातचं जेवत होतो, ताटात मान घालून. त्या मधल्या वर्षांत ती कशी दिसत होती, हे मलाही माहीत नव्हतं.