किती कमी-जास्त?

काकांना कुठलाही आकडा सांगा, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "किती कमी-जास्त?" रिक्षावाल्याने सेक्टर सतराला दहा मिनिटं लागतील म्हटलं, तरी हे विचारायचे, "कम-ज़्यादा कितना?" तो वैतागायचा, "बाऊजी, दस मतलब दस!" काका मग घड्याळावरची नजर काढायचे नाहीत.

काका मूळचे वर्ध्याचे. चंडीगढमध्ये मोजमापाची उपकरणं तपासण्यात त्यांची उभी हयात गेली होती. मी भौतिकशास्त्र शिकायला आले आणि त्यांची वरची खोली भाड्याने घेतली. काकू वर्षभरापूर्वी गेल्या होत्या, मुलगा परगावी होता. मराठी बोलायला आणि चुका काढायला त्यांना मी आयतीच सापडले.

पहिल्या प्रॅक्टिकलच्या आधी मी त्यांच्याच व्हर्नियर कॅलिपरने एका लोखंडी गोळीचा व्यास पाच वेळा मोजला. पाचही वेळा तोच आला. "काका, एकदम पक्कं!" मी वही नाचवली. त्यांनी कॅलिपर मिटवून उजेडात धरला. जबडे घट्ट चिकटलेले होते, पण शून्यासमोर शून्य नव्हतं. "पक्कं आहे वं पोरी, पण खरं नाही ना! एकच चूक पाच वेळा केली तुनं."

पक्कं वेगळं आणि खरं वेगळं, हे मी मान डोलावत तीनदा ऐकलं आणि तिन्ही वेळा गोंधळले. निदान माझा गोंधळ तरी पक्का होता.

काकांना रक्तदाबाचा त्रास होता. रोज सकाळी त्यांच्या दंडाला मशीनचा पट्टा बांधून तीनदा आकडा घ्यायचा आणि वहीत लिहायचा, हे काम माझ्याकडे आलं. एकशे अठ्ठावीस, एकशे एकोणतीस, एकशे अठ्ठावीस. शेजारी त्यांनीच आखलेला 'कमी-जास्त'चा रकाना होता. तो मी रिकामा सोडायची. जगाला तो प्रश्न विचारणारे काका इथे मात्र गप्प असत.

एका सकाळी ते ओट्याला धरून खालीच बसले. हॉस्पिटलात आकडा आमच्या वहीतल्यापेक्षा कितीतरी वर निघाला. मी आमचं मशीन नर्सपुढे ठेवलं. तिने पट्टा उलगडला आणि काकांच्या काडीसारख्या दंडाकडे पाहिलं. "ये तो बहुत बड़ा है जी, इससे कम ही आएगा. किसका है?"

पट्टा काकूंचा होता. भिंतीवरच्या फोटोतल्या काकू अंगाने चांगल्या भरदार होत्या.

कॅलिपरची केसाएवढी चूक पकडणाऱ्या माणसाला स्वतःच्या दंडावरचा सैल पट्टा कळला नसेल? की कळत होता, पण तोच हवा होता? मला स्वतःचा राग येत होता, त्यांचाही येत होता, आणि विचारायचा धीर होत नव्हता.

तेवढ्यात काका हळूच म्हणाले, "काही कमी-जास्त झालं, तर लेकाला फोन करजो."

माझं डोकं आकड्यांतच अडकलेलं. तोंडातून निघून गेलं, "किती, काका?"

ते खोकला येईपर्यंत हसले. "आता शिकली वं!"

तिसऱ्या दिवशी ते गेले. ती वही माझ्याकडे आहे. तो रकाना भरायला मी कितीदा तरी पेन्सिल घेऊन बसते. काकूंच्या पट्ट्याची चूक किती धरायची, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.