‘कन्फ्युज्ड’चा अर्थ मासळीवालीला विचारा

मंडळी, ‘कन्फ्युज्ड’ हा शब्द मी आजवर साड्यांच्या दुकानात आणि मतदानाच्या दिवशीच वापरला.

आज सकाळी बाबा मला काकांच्या नावाने हाक मारत होते. मी बायकोला म्हटलं, "वय झालं, कन्फ्युज होतात."

तेवढ्यात आमच्या जेसल पार्क वसाहतीत वर्षानुवर्षं दारावर येणाऱ्या मासळीवाल्या मावशी आल्या. पाटी उतरवून बाबांना मासे दाखवले आणि त्यांच्याकडे बघत राहिल्या.

"दादा, कल्ले उघडून बघितल्याबिगर बाबांनी कधी मासा घेतला न्हाय. आज नुसते हो हो करतात. दवाखान्यात न्या."

डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, ‘कन्फ्युज्ड’. रक्तातलं सोडियम फार उतरल्याने मेंदूच गोंधळला होता. "वेळेवर आणलंत," म्हणाले.

सलाईन चालू आहे, बाबा सावरतायत. शाबासकी मात्र मी गुपचूप घेतली, ती आता इथे मावशींना परत करतोय.

तुमच्या घरातल्या माणसांना असं ओळखणारं दारावर कोण येतं?