पुढे ओढलेली सीट

"काका, तुम्ही आत बसा, मी ढकलतो," वॉचमन म्हणाला. ड्रायव्हरच्या सीटवर बसलो, तर गुडघे स्टिअरिंगला टेकले. सीट अजून बायकोच्याच मापाला पुढे ओढलेली होती.

आमची ही जुनी सेकंडहँड गाडी धक्क्याशिवाय क्वचितच सुरू व्हायची. मी मागून ढकलायचो, ती क्लच दाबून बसायची. "सोडू का हो?" "सोड!" तिला एवढंच ड्रायव्हिंग यायचं. एकट्या माणसाला ढकलता येतं, नाहीतर आत बसता येतं. दोन्ही जमत नाही. त्या शेवटच्या सकाळी छातीत कळा येत असतानाही ती निमूटपणे क्लच दाबून बसली. गाडी सुरू झालीच नाही. हॉस्पिटलात रिक्षाने गेलो. परत मी एकटाच आलो.

सीट मागे घ्यायला खालची दांडी धरली, पण ती मला ओढवेना. "राहू दे," वॉचमनला म्हटलं, "चालतच जातो."