तीस फुटी मासा आणि तिसऱ्यांदा विचारणं

मिनेसोटातल्या आमच्या टॉर्विकला शहर म्हणतात हे ऐकून परगावच्या माणसांना हसू येतं. पण वेशीवरच्या पाटीवर तसं लिहिलंय. लोकसंख्या अकराशे सेहेचाळीस. त्यातले चौघे गेल्या हिवाळ्यात गेले, पण ते खोडायला कुणाला सवड झालेली नाही.

आर्डिस ट्वेट माझ्या वर्गात होती. एकतीस वर्षं ती आल्यागेल्याला हे शहर दाखवतेय आणि गेली बारा वर्षं मी तिची बस चालवतोय. शाळेची मोडीत काढलेली बस आहे, आम्ही तिला निळा रंग दिला. पहिला थांबा तळ्याकाठचा सिमेंटचा मासा. त्याचा एक डोळा गारपिटीत फुटला, म्हणून तिथे पातेल्याचं झाकण बसवलंय. मग चर्चचं घड्याळ. ते सात मिनिटं मागे आहे आणि सगळं गाव त्याच्यावरच चालतं, त्यामुळे इथे कुणालाच उशीर होत नाही. शेवटी बर्फ उपसायच्या फावड्यांचं संग्रहालय, तिथे मी स्वतः फारसा थांबत नाही.

हे सगळं आर्डिस अशा सुरात सांगते की ऐकणाऱ्याला वाटावं, बाई माफीच मागतेय. "हा मासा. तीस फूट. तसा काही फार मोठा नाही. तुमच्याकडे असतील याहून मोठे." आम्ही मिनेसोटाची माणसं, बढाई मारायची म्हटलं की आमची जीभ टाळ्याला चिकटते.

आमची दुसरी खोड म्हणजे आग्रह. काहीही विचारलं की दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा घ्यायचं. पहिल्याच खेपेला हो म्हणणारा अधाशी. लॉयलनं आर्डिसला लग्नाचं विचारलं तेव्हा तीही दोनदा नाही म्हणाली होती. तो इथलाच होता म्हणून संसार झाला.

लॉयलला जाऊन आता नऊ वर्षं झाली. यंदा नगरपरिषदेनं कळवलं की बसमध्ये माणसं नसतात, असंच चाललं तर सप्टेंबरपासून ती बंद. पाचव्या दिवशी माशापाशी उभी असताना आर्डिस म्हणाली, "लॉयल गेला तेव्हा सकाळी मला या बसनं उठवलं, ऑर्लिन. आता उठायचं ते कशासाठी?" आमच्यात इतकं कुणी बोलून दाखवत नाही.

जूनमध्ये एका प्रवासाच्या मासिकाच्या संपादक आल्या, रोझलिन पिकेट, मूळच्या टेक्सासच्या. 'चुकवू नयेत अशी दहा छोटी शहरं' अशी यादी त्यांना करायची होती. त्यात नाव आलं की बस भरणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. आर्डिसनं त्यांना सगळं दाखवलं आणि प्रत्येक गोष्ट चार बोटं लहान करून सांगितली. मी आरशातून बघत होतो आणि दात आवळत होतो.

मग चर्चच्या तळघरात कॉफी आणि लिंबाच्या वड्या झाल्या. पिकेटबाईंनी वही उघडली.

"दहावी जागा रिकामी आहे. टॉर्विकचं नाव घालू?"

"छे हो," आर्डिस म्हणाली. "आमचं कसलं शहर."

"नक्की नको?"

"एखाद्या चांगल्या गावाला द्या ती जागा."

बाईंनी मान डोलावली आणि वही मिटली. टेक्सासमध्ये नाही म्हणजे नाहीच. आर्डिसचा चेहरा पांढराफटक पडला. ती तिसऱ्या विचारण्याची वाट बघत राहिली आणि ते काही येईना. मध्ये मी तोंड घालावं तर तो उद्धटपणा. मीही इथलाच ना, मेला.

वाचवलं ते आमच्या निरोपानं. टॉर्विकमध्ये पाहुण्याला एका दमात कुणी सोडत नाही. आर्डिस दाराशी बोलली, पायऱ्यांवर बोलली, मग गाडीच्या खिडकीवर हात ठेवून रस्त्यावर येणाऱ्या हरणांबद्दल बोलली. चाळीस मिनिटं झाली. शेवटी तिनं वड्यांचा डबा पुढे केला. बाई नको म्हणाल्या. आर्डिसनं पुन्हा पुढे केला. पुन्हा नको. तिसऱ्यांदा तो तिनं सरळ त्यांच्या मांडीवर ठेवला.

पिकेटबाई हसल्या. "तुमच्याकडे तीन-तीनदा विचारतात वाटतं?"

"विचारावं लागतं," आर्डिस खाली बघत म्हणाली.

बाईंनी पुन्हा वही काढली. "टॉर्विकचं नाव घालू का?"

"तुम्हाला त्रास होणार नसेल," आर्डिस म्हणाली, "तर चालेल."

ऑगस्टमध्ये मासिक आलं. बसमध्ये बसून मी तिला मोठ्यानं वाचून दाखवलं. माशाबद्दल आणि घड्याळाबद्दल एकेक ओळ होती, फावड्यांबद्दल अवाक्षरही नव्हतं. बाकी सगळं आर्डिसबद्दल. शेवटी लिहिलं होतं: निरोप घ्यायला चाळीस मिनिटं हाताशी ठेवा, त्यासाठीच जा. आर्डिसनं चष्मा काढून पुसला आणि बराच वेळ पुसतच राहिली. आता बस चालू राहणार होती.

"मासा एकतीस फूट लिहिलाय," ती मग म्हणाली. "तीसच आहे."

"कळवू त्यांना?"

"नको. कशाला उगाच त्रास."

"फोन करतो ना."

"राहू दे."

तिसऱ्यांदा मी विचारलंच नाही.